वापरलेल्या रुबिडियमचं खरं वय कसं ओळखावं आणि उरलेलं आयुष्य कसं वाढवावं

वापरलेलं रुबिडियम, म्हणजे रुबिडियम अणूंच्या आधाराने अचूक १० मेगाहर्ट्झ देणारं छोटं अणुघड्याळ, हातात घेतलं की त्याच्या लेबलवर ०४२३ असं छापलेलं असतं. म्हणजे २००४ सालचा २३वा आठवडा. एवढं वाचून पुष्कळ जण निकाल देऊन मोकळे होतात की हे रुबिडियम वीस वर्षांचं झालं, आता यात काही राम नाही. हा हिशोब चुकतो. मोबाइल टॉवरखालच्या केबिनमध्ये दहा वर्षं अखंड तापलेलं युनिट आणि त्याच आठवड्यात बनून स्पेअर म्हणून कपाटात पडून राहिलेलं युनिट, दोन्हींवर तारीख एकच असते. आयुष्य मात्र वेगळं झालेलं असतं.

रुबिडियमचं खरं वय चार आकड्यांत कळतं. गरम होताना आणि गरम झाल्यावर ते किती करंट घेतं, लॅम्पचं व्होल्टेज, आतल्या क्वार्ट्झ क्रिस्टलचं कंट्रोल व्होल्टेज, आणि १० मेगाहर्ट्झपासून ते किती ढळलं आहे. हे आकडे पहिल्या दिवशी वहीत उतरवले आणि पुढे दर महिन्याला उतरवत गेलात, तर ते युनिट किती चालेल याचा अंदाज तुम्हाला विकणाऱ्यापेक्षा चांगला येईल.

आकडे लिहिताना इथे १ई-११ अशी पद्धत वापरली आहे. १ई-११ म्हणजे १०० अब्जांत एक भाग. दिवसाच्या भाषेत ०.८६४ मायक्रोसेकंद. १ई-१० म्हणजे दिवसाला ८.६४ मायक्रोसेकंद. हे दोन आकडे पाठ असले की पुढचं सगळं गणित तोंडी होतं.

आत नेमकं काय म्हातारं होतं

आत एक छोटा काचेचा बल्ब असतो. त्यात अगदी थोडं रुबिडियम-८७ आणि पेटायला मदत करणारा क्रिप्टॉन किंवा झेनॉन वायू असतो. आरएफ ऊर्जेने तो पेटतो आणि ७८० व ७९५ नॅनोमीटरचा प्रकाश देतो. हा प्रकाश रेझोनन्स सेलमधून जाऊन फोटोडायोडवर पडतो. सेलमध्येही रुबिडियम-८७ची वाफ असते, सोबत नायट्रोजनसारखा बफर वायू. सेलला ६.८३४६८ गिगाहर्ट्झच्या आसपासचा मायक्रोवेव्ह बरोबर जुळला की फोटोडायोडवरचा प्रकाश किंचित कमी होतो. हा बारीकसा खड्डा शोधून सर्किट क्रिस्टलला त्यावर धरून ठेवतं. यालाच आपण लॉक म्हणतो.

बाहेर येणारे १० मेगाहर्ट्झ अणूंकडून थेट येत नाहीत, ते क्रिस्टलकडून येतात. अणू फक्त क्रिस्टलचा कान धरतात. दुरुस्ती करताना हे सतत लक्षात ठेवावं, कारण 'रुबिडियम संपलं' म्हणून टाकून दिलेल्या बऱ्याच युनिटांत रुबिडियम शाबूत असतं, क्रिस्टल भरकटलेला असतो.

सीझियम बीम ट्यूबमध्ये सीझियमचा साठा खरोखर खर्च होत जातो. रुबिडियमच्या सेलमध्ये तसं होत नाही, अणू तिथेच राहतात. झीज होते ती लॅम्पमध्ये. लॅम्प बराच तापलेला असतो, आणि त्या उष्णतेत रुबिडियम हळूहळू बल्बच्या काचेत मुरतं. हे मुरणं सुरुवातीला वेगात आणि पुढे मंद होत जातं, साधारण काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून पहिल्या दोन वर्षांत जितकी झीज झाली तितकीच पुढच्या दोन वर्षांत होईल असं धरू नका. कमी होईल.

लॅम्प मंदावला की दोन गोष्टी होतात. फोटोडायोडवरचा सिग्नल घटतो, आणि प्रकाशाच्या तीव्रतेमुळे अणूंच्या फ्रिक्वेन्सीत जो थोडा फरक पडलेला असतो तोही बदलतो. दर महिन्याला दिसणाऱ्या सरकण्यात याचा वाटा असतो.

दुसरं कारण हवेतलं हेलियम. हवेत ते जेमतेम दशलक्षात ५ भाग असतं, पण तापलेल्या काचेतून आरपार जातं आणि सेलमध्ये साठतं. त्यामुळे फ्रिक्वेन्सी वर सरकते. बाहेरच्या हवेशी समतोल होईपर्यंत एकूण फरक ४ई-१०च्या घरात जातो आणि मग थांबतो. जुन्या युनिटात हा प्रकार बहुतेक पुरा झालेला असतो, त्यामुळे चांगलं टिकलेलं जुनं रुबिडियम नव्यापेक्षा स्थिर चालताना दिसतं. याच कारणाने हेलियमचा सिलिंडर, फुगे भरण्याची जागा किंवा हेलियमने गळती तपासणारं यंत्र असलेल्या खोलीत रुबिडियम ठेवू नका, बंद असलं तरी.

तिसरा म्हातारा क्रिस्टल. तो वर्षानुवर्षं एकाच दिशेने सरकतो आणि एक दिवस कंट्रोल व्होल्टेजची हद्द संपते.

चौथे साधे भाग: इलेक्ट्रोलिटिक आणि टँटलम कपॅसिटर, थंड-गरम होऊन तडकलेले सोल्डर जोड, कनेक्टर. बंद पडलेली युनिटं बऱ्याचदा इथेच अडकलेली सापडतात.

विकत घेताना

बाजारात फिरणारी बहुतेक युनिटं टेलिकॉमची उपकरणं मोडून आलेली असतात: एलपीआरओ-१०१, एफई-५६८०ए, पीआरएस१०, एक्स७२. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी नशिबाने एखादं टेलिकॉम रॅक दिसतं, पण त्यावर भिस्त ठेवू नका. बहुधा परदेशातूनच मागवावं लागतं, तेव्हा कस्टम ड्यूटी आणि पाठवणी धरूनच किंमत मोजा.

विकणाऱ्याकडे 'चालतंय का' असं विचारू नका, उत्तर 'चालतंय' हेच येणार. लॉक झाल्यावर अर्ध्या तासाने लॅम्प व्होल्टेज किती आणि क्रिस्टल व्होल्टेज किती, याचा मीटरसकट फोटो मागा. एलपीआरओमध्ये हे दोन्ही कनेक्टरवरच मिळतात. पीआरएस१० सिरियल पोर्टवरून स्वतःच सांगतं: 'एसटी?' ने स्थिती आणि 'एडी?' ने आतली व्होल्टेज. एफई-५६८०ए च्या नऊ पिनी कनेक्टरवर लॅम्पचा आकडा नसतो, त्यामुळे थंड युनिट किती मिनिटांत लॉक होतं हीच त्याची नाडी.

एफई-५६८०ए मध्ये आणखी एक गोम आहे. एकाच नावाखाली बरेच उपप्रकार निघाले. काहींना १५ व्होल्टसोबत वेगळे ५ व्होल्ट लागतात, काहींना नाही. काहींतून १० मेगाहर्ट्झऐवजी ८.३८८६०८ मेगाहर्ट्झ निघतात, कारण तो आकडा २ने २३ वेळा भागला की बरोबर १ हर्ट्झ मिळतो. तेव्हा आपल्या हातातल्या उपप्रकाराची पिनजोडणी नक्की झाल्याशिवाय वीज देऊ नका.

फोटोत बेसप्लेट, म्हणजे युनिटचा धातूचा तळ बघा. लेबल तपकिरी पडलेलं असेल तर युनिट फार तापत राहिलं होतं. झाकणाचे स्क्रू नसणं, डोकं झिजलेले स्क्रू, सी-फील्डच्या (फ्रिक्वेन्सी बारीक जुळवण्याच्या) भोकावरचं सील फाटलेलं असणं, यांचा अर्थ कोणीतरी आत हात घातला आहे. त्याने बिघडवलंच असेल असं नाही, पण किंमत त्या मानाने ठरवा.

वीज आणि उष्णता

खालचे आकडे एलपीआरओ-१०१साठी आहेत. बाकीच्या मॉडेलना आकडे बदलतात, पद्धत तीच.

पुरवठा १९ ते ३२ व्होल्ट चालतो. सुरू होताना २४ व्होल्टवर १.७ अँपिअरपर्यंत घेतं आणि गरम झाल्यावर अर्ध्या अँपिअरच्या आसपास स्थिरावतं. २४ व्होल्ट, ३ अँपिअरचा एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा) घ्या, तपकीर गल्लीत सहज मिळतो. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर अनेक जण लावतात. सुरुवातीच्या करंटला तो जरा जरी बसला तरी हद्दीखाली जातो आणि युनिट गरम होण्याच्या फेऱ्यातच अडकतं. मग दोष रुबिडियमवर येतो. एसएमपीएसचा गोंगाट आउटपुटमध्ये दिसत असेल तर मध्ये १०० मायक्रोहेन्रीच्या आसपासचा, ३ अँपिअर झेपणारा चोक आणि १००० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा कपॅसिटर टाका. उलट पोलॅरिटीपासून बचावाला ३ अँपिअरचा फ्यूज आणि डायोड लावाच.

उष्णतेचा भाग घाईत उरकू नका. पुण्यात तर नाहीच. आतला ओव्हन तापमान धरून ठेवतो तो फक्त तापवून, त्याला थंड करता येत नाही. बेसप्लेट ओव्हनच्या तापमानाजवळ पोचली की ताबा सुटतो. एलपीआरओच्या बेसप्लेटची वरची मर्यादा ७० अंश आहे, पण तिथवर जायचंच नाही. ४० ते ५० अंशांत ठेवा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश उतरले की साधारण दुप्पट होतं, एवढं एक कारण पुरेसं आहे.

गणित असं. स्थिरावल्यावर युनिट १२ ते १३ वॅट उष्णता टाकतं. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखालच्या किंवा गच्चीलगतच्या खोलीत हवा ४० अंश असते. हीटसिंक दर वॅटला २ अंश चढणारा असेल तर बेसप्लेट ६५ वर गेली. म्हणून दर वॅटला ०.८ अंश किंवा त्याहून चांगला हीटसिंक बघा, म्हणजे ती ५० वर राहील. १५० बाय २०० मिलिमीटरची ६ मिलिमीटर जाड अ‍ॅल्युमिनिअम पट्टी उभी लावली तर ती एकटी दर वॅटला पावणेदोन-दोन अंश चढते, तेव्हा तेवढ्यावर भागत नाही. भोसरीत अ‍ॅल्युमिनिअमचं काम करणाऱ्यांकडून पंख असलेला तुकडा कापून घ्या आणि बेसप्लेट टेकते ती बाजू सपाट करून घ्या. थर्मल पेस्टचा थर पातळ, आरपार दिसेल न दिसेल इतकाच.

पंखा लावायचा तर हीटसिंकच्या पंखांवर लावा, युनिटच्या अंगावर नाही. १२ व्होल्टचा पंखा ७ व्होल्टवर चालवला तरी पुरतो. युनिट डब्यात आणि हीटसिंकचे पंख डब्याबाहेर, ही रचना सर्वांत बरी. खिडकीतली झुळूक थेट बसली की फ्रिक्वेन्सी हलताना ग्राफवर दिसते. डब्यात ट्रान्सफॉर्मर मात्र ठेवू नका. सेलभोवती मुद्दाम निर्माण केलेलं बारीक चुंबकीय क्षेत्र, म्हणजे सी-फील्ड असतं, आणि आवरण कितीही चांगलं असलं तरी शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचा परिणाम पूर्ण अडत नाही.

वीज जाण्यावर सोपा उपाय आहे. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या दोन सीलबंद बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट करा आणि २७.४ व्होल्टच्या आसपास फ्लोटवर ठेवा. ३२च्या मर्यादेत हे बसतं. अर्ध्या अँपिअरच्या हिशोबाने कागदावर १४ तास होतात, प्रत्यक्षात ९-१० धरा. २१ व्होल्टला तोडणारा कटऑफ लावा. प्रत्येक वीजकपात म्हणजे एक थंड-गरम फेरा, आणि सोल्डर जोड त्याच फेऱ्यांनी तडकतात.

पहिल्यांदा चालू करताना

हीटसिंकवर बसवल्याशिवाय चालू करू नका, टेबलावर 'फक्त दोन मिनिटं बघू' असंही नाही. आउटपुटला ५० ओहमचं टर्मिनेशन लावा. वीज देतानाची वेळ लिहा आणि करंट मीटरवर नजर ठेवा.

निरोगी युनिट लगेच दीड-पावणेदोन अँपिअर ओढतं, काही मिनिटं तिथेच राहतं, मग टप्प्याटप्प्याने उतरतं. लॅम्पचा ओव्हन आणि सेलचा ओव्हन वेगवेगळ्या वेळी तयार होतात, म्हणून ही उतरण पायरीसारखी दिसते. तोवर फ्रिक्वेन्सी काउंटरवर आउटपुट १० मेगाहर्ट्झच्या खालीवर झुलत असतं. ते अणूंचा खड्डा शोधणं. मग एका क्षणी झुलणं थांबतं, आकडा गोठतो आणि लॉक दाखवणाऱ्या पिनवरचं व्होल्टेज खाली येतं. २५ अंशांच्या खोलीत ३ ते ६ मिनिटं हा चांगला काळ.

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या युनिटाला पहिल्या खेपेस पाऊण तास द्या. रुबिडियम ३९ अंशांनाच वितळतं. साठवणीत ते बल्बच्या आत इकडेतिकडे जाऊन बसलेलं असतं, ते जागेवर यायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी ४० मिनिटं लागली आणि तिसऱ्या दिवशी ५, तर काळजीचं कारण नाही. रोज वेळ वाढत चालली तर आहे.

लॉकनंतर अर्ध्या तासाने १० मेगाओहमच्या मीटरने दोन आकडे घ्या. लॅम्प व्होल्टेजची पट्टी ३ ते १४ व्होल्ट आहे, ३च्या खाली गेलं की लॅम्प बदलायची वेळ. आपल्या कामापुरता ठोकताळा असा: ६च्या वर असेल तर बिनधास्त घ्या, ४ ते ६ मध्ये असेल तर कमी भावात घ्या आणि दर महिन्याला तपासा, ४च्या खाली असेल तर सुट्या भागांसाठी. क्रिस्टल व्होल्टेज लॉकमध्ये ०.५५ ते १४.४४ च्या आत असायला हवं. मध्याजवळ, ६ ते ९ असेल तर छान. २च्या खाली किंवा १३च्या वर असेल तर आज चालतंय, पण पुढचा बिघाड कुठे होणार ते कळलं.

लॉक होत नसेल तर

क्रम मोडू नका. आधी करंट, मग लॅम्प, मग क्रिस्टल, सर्वांत शेवटी सेल. सेल खराब निघणं दुर्मीळ आहे.

करंटच नसेल तर फ्यूज, आतला संरक्षक डायोड, कनेक्टरची पिन. करंट चढलेलाच राहून उतरत नसेल तर पुरवठा करंटमर्यादेवर अडकला आहे का ते युनिटच्या पिनवर व्होल्टेज मोजून बघा, वायरच्या दुसऱ्या टोकाला नाही. पुरवठा ठीक असेल तर ओव्हनचा थर्मिस्टर किंवा उष्णतारोधक फोम गेला आहे.

करंट नीट उतरला आणि लॉक नाही, तर काउंटरवर झुलणं बघा. आकडा १,००,००,००० हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना जातोय का? फक्त एकाच बाजूला झुलत असेल, म्हणजे वरच्या टोकालाही १० मेगाहर्ट्झ गाठत नसेल किंवा खालच्या टोकालाही त्याच्या वरच राहत असेल, तर क्रिस्टल सरकला आहे. अणू ठणठणीत आहेत, त्यांच्यापर्यंत कोणी पोचत नाही एवढंच. क्रिस्टलजवळचा ट्रिमर (फिरवून जुळवायचा छोटा कपॅसिटर) प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने अगदी थोडा फिरवून झुलण्याचा मध्य १० मेगाहर्ट्झवर आणा. ट्रिमरची हद्द संपली असेल तर त्याला समांतर असलेला छोटा कपॅसिटर बदलावा लागतो. आउटपुट जास्त येत असेल तर काही पिकोफॅरड वाढवा, कमी येत असेल तर घटवा. एनपीओ प्रकारचाच, म्हणजे तापमानाने जवळजवळ न बदलणारा वापरा. हे सगळं युनिट पूर्ण गरम असताना, झाकण शक्य तितकं ठेवून करा, नाहीतर झाकण लावल्यावर मध्य पुन्हा हलतो.

झुलणं बरोबर १० मेगाहर्ट्झवरून जातंय आणि तरीही पकड बसत नाही, तर लॅम्प बघा.

बऱ्याचदा लॅम्प मेलेला नसतो, 'भरलेला' असतो. बल्बच्या समोरच्या काचेवर रुबिडियमची चंदेरी किंवा तपकिरी साय धरलेली दिसते आणि प्रकाश आतच अडतो. लांब साठवणीत, विशेषतः युनिट उलटंपालटं पडून राहिलं असेल तर हे होतं. वीज काढून, सगळं थंड झाल्यावर लॅम्पचा भाग बाहेर काढा. बल्ब बोटाच्या पेरापेक्षाही छोटा असतो. उजेडासमोर धरून काचेच्या आतली साय नीट बघा. बल्बचं बूड धातूच्या तुकड्याला टेकवून थंड राहू द्या आणि हॉट-एअरचा झोत १५० ते २०० अंशांवर, हवा कमी ठेवून, समोरच्या घुमटावर लांबून फिरवत द्या. दोन-पाच मिनिटांत साय पातळ होऊन सरकताना दिसते आणि बुडाशी ठिपक्यासारखी जमते. काच निवळली की थांबा. झोत एका जागी धरला किंवा गरम काचेवर गार हवा लागली तर काच तडकते आणि मग उपाय नाही. बोटाचा डाग राहू देऊ नका, आयसोप्रोपिलने पुसून घ्या.

परत बसवून चालू केल्यावर बल्ब आधी स्टार्टर वायूचा फिकट जांभळा दिसतो, तापल्यावर रंग गुलाबी-तांबूस होतो. मुख्य प्रकाश डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, म्हणून मंद वाटला तरी घाबरू नका, व्होल्टेजवर विश्वास ठेवा. साय काढल्यावरही व्होल्टेज ३च्या खालीच असेल तर रुबिडियम काचेत मुरलं आहे. तेव्हा दुसऱ्या मेलेल्या युनिटमधला बल्बच लागेल.

लॉक होऊन दोन तासांनी सुटत असेल तर आधी बेसप्लेटचं तापमान मोजा. दुपारी सुटतं आणि रात्री टिकतं, हे उष्णतेचंच लक्षण. हीटसिंक ठीक असेल तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला, १०५ अंशांच्या रेटिंगचे. टकटक केल्यावर सुटत असेल तर भिंगाखाली कनेक्टरच्या पिना आणि जड भागांचे सोल्डर जोड तपासा. गोल तडा दिसतो.

किती ढळलंय ते मोजणं

जोडीला दुसरं काहीतरी हवंच. एकट्या घड्याळाची चूक त्या घड्याळावरून कळत नाही. २०१३ मध्ये सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए या भारतीय दिशादर्शक उपग्रहावर तीन रुबिडियम घड्याळं होती आणि काही वर्षांत तिन्ही बंद पडली. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ वर अहमदाबादच्या स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरने घडवलेलं स्वदेशी रुबिडियम आहे. आपल्यासाठी मोठी सोय अशी की जीपीएस उपग्रहांवरची अणुघड्याळं रिसीव्हरच्या १पीपीएसमधून, म्हणजे सेकंदाला एक या ठोक्यातून, फुकट तपासनीस म्हणून मिळतात.

युनिट किमान २४ तास चालू द्या, आठवडाभर चाललं तर उत्तम. १० मेगाहर्ट्झ एक कोटीने भागून १पीपीएस करा, पीआयसी१२एफ६७५ या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर हा भागाकार होतो. टाइम इंटरव्हल काउंटर (दोन ठोक्यांमधला वेळ मोजणारं यंत्र) जीपीएसच्या ठोक्याने सुरू आणि रुबिडियमच्या ठोक्याने बंद करा. जीपीएस टायमिंग रिसीव्हरचा ठोका २०-३० नॅनोसेकंद इकडेतिकडे होतो, त्यामुळे एका तासाच्या मोजणीवर ८ई-१२ पेक्षा बारीक बोलू नका. पूर्ण दिवसाच्या मोजणीवर तीच अनिश्चितता ३.५ई-१३ पर्यंत उतरते. अँटेनाला मोकळं आकाश द्या. बाल्कनीच्या ग्रिलमध्ये अडकवलेल्या अँटेनाचे आकडे या कामाचे नाहीत.

उदाहरण: आज सकाळी ९ ला १२.३४० मायक्रोसेकंद, उद्या ९ ला १३.११८. फरक ०.७७८ मायक्रोसेकंद. ८६,४०० सेकंदांनी भागलं की ९ई-१२. आकडा वाढतोय म्हणजे रुबिडियमचा ठोका उशिरा पडतोय, ते हळू आहे.

काउंटर नसेल तर ऑसिलोस्कोप जीपीएसच्या ठोक्याने ट्रिगर करा आणि १० मेगाहर्ट्झची लाट सरकताना बघा. एक पूर्ण लाट, म्हणजे १०० नॅनोसेकंद, १,००० सेकंदांत सरकली तर चूक १ई-१०. १०,००० सेकंद लागले, म्हणजे पावणेतीन तासांहून थोडा जास्त वेळ, तर १ई-११.

दुरुस्ती सी-फील्डने करायची. एलपीआरओमध्ये त्याचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) झाकणातल्या भोकातून फिरतो आणि बाहेरून ० ते ५ व्होल्ट देऊनही करता येते. पल्ला ±१.५ई-९. थोडं फिरवा, मग पुढच्या दिवसापर्यंत हात लावू नका. दर तासाला फिरवत बसलात तर जीपीएसच्या गोंगाटामागे धावाल. चूक पल्ल्याच्या बाहेर असेल तर ती आधी कोणी पॉट फिरवल्यामुळे आहे की सेलचीच, हे पॉट मध्यावर आणून पुन्हा मोजा.

किती अचूक हवं हेही ठरवा. क्यूओ-१०० उपग्रहावर १०.४९ गिगाहर्ट्झला ऐकणाऱ्या हौशी रेडिओवाल्याला १ई-९ची चूक म्हणजे १० हर्ट्झ. त्याला महिन्यातून एकदा मोजणं पुष्कळ झालं. चांगल्या रुबिडियमची सरकण्याची कमाल मर्यादा महिन्याला ५ई-११ असते आणि मुरलेली युनिटं बहुधा त्याच्या बरीच आत राहतात. वहीत सरकणं सहा महिने एकाच दिशेने, हळू दिसत असेल तर युनिट निरोगी आहे. अचानक उडी आली, आणि त्याच आठवड्यात लॅम्प व्होल्टेजही हललं असेल, तर लॅम्प. लॅम्प तसाच आणि क्रिस्टल व्होल्टेज टोकाकडे चाललंय, तर क्रिस्टल. म्हणून एका ओळीत सहाही रकाने लिहा: तारीख, बेसप्लेटचं तापमान, करंट, लॅम्प, क्रिस्टल, चूक. तापमान न लिहिता बाकीचे पाच लिहिणं व्यर्थ आहे. मेमधला आणि डिसेंबरमधला आकडा मग एकमेकांशी ताडताच येत नाही.

चालू ठेवावं की बंद

लॅम्पची झीज तापलेला असताना होते, तेव्हा आठवड्यातून दोन-तीन तासच काम असेल तर बंद ठेवा आणि कामाआधी दोन तास चालू करा. बंद करून चालू केल्यावर रुबिडियम जुन्या जागेच्या काही ई-११ आत परत येतं. रोज लागत असेल तर अखंड चालू ठेवा. दिवसातून चार वेळा बंद-चालू करणं सर्वांत वाईट. लॅम्प ४च्या आसपास असलेलं युनिट मात्र अखंड चालवू नका, तो साठा कामाच्या तासांसाठी राखा.

साठवताना युनिट एका प्लास्टिक पिशवीत, १०० ग्रॅम सिलिका जेलसोबत, कनेक्टर वर करून आणि मूळ मांडणीच्या दिशेतच ठेवा. जूनच्या आधी जेल तापवून कोरडं करून घ्या, पुण्याच्या पावसाळ्यात ते दोन महिन्यांत भरतं. दर सहा महिन्यांनी एकदा काढून २४ तास चालवा आणि लॉकला लागलेला वेळ वहीत लिहा.

फुटलेल्या बल्बला किंवा सेलला हात लावू नका. रुबिडियम हवेत आणि ओलाव्यात लगेच पेट घेण्याजोगं क्रियाशील आहे, पण इथे ते इतकं थोडं असतं की धोका मुख्यतः काचेचा. तुकडे चिमट्याने कोरड्या डबीत गोळा करा. रुबिडियम-८७ नैसर्गिकरीत्या किरणोत्सारी असलं तरी त्याचा अर्धायुकाल सुमारे ४,९०० कोटी वर्षं आहे, त्याची भीती बाळगायचं कारण नाही. मेलेल्या युनिटमधून शाबूत बल्ब, क्रिस्टल आणि फोमची आवरणं काढून, नाव-तारीख लिहून ठेवा. बाकी ई-कचऱ्यात द्या.